कोयनेचा आकडा वाचून मोटर कधी काढायची, पाणी कधी मागायचं

जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात माझा फोन सकाळी सहापासून वाजायला लागतो. "ताई, कोयनंचं दार उघडलंय म्हणत्यात, मोटरी काढायच्या का?" मार्चमध्ये तीच माणसं विचारतात, "धरणात एवढं पाणी हाय, मग आपल्याला आवर्तन का न्हाई?" (आवर्तन म्हणजे ठरावीक दिवस सोडलेली पाण्याची पाळी.) पलूस तालुक्यात कृष्णाकाठी आमची सहकारी पाणीपुरवठा संस्था आहे आणि मी तिची सचिव. दोन्ही प्रश्नांची उत्तरं कोयना धरणाच्या रोजच्या पत्रकात असतात. पत्रक सगळ्यांच्या मोबाइलवर येतं, पण लोक त्यातली टक्केवारी तेवढी बघतात आणि पुढे ढकलतात. माझ्या मते टक्केवारीइतका फसवा आकडा त्यात दुसरा नाही. जुलैच्या मध्याला धरण ८० टक्के असेल तर मी घाबरते. सप्टेंबर संपताना ८० टक्के असेल तरी घाबरते, पण ती भीती वेगळ्या जातीची.

पहिलं काम: ११,५७४ पाठ करा

पत्रकात साठा टीएमसीत देतात आणि आवक-विसर्ग क्युसेकमध्ये. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी, आणि क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एक साठलेल्या पाण्याचं माप, दुसरं वाहत्या. या दोन्हींची गाठ घालणारा आकडा म्हणजे ११,५७४. एवढे क्युसेक पाणी चोवीस तास सलग वाहिलं की एक टीएमसी होतं. घाईत असाल तर साडेअकरा हजार धरा.

हा एक आकडा हातात आला की अर्ध्या अफवा जागीच मरतात. कुणी म्हणालं की आवक लाख क्युसेकवर गेली, तर दिवसाला ८.६४ टीएमसी पाणी येतंय. विसर्ग २,१०० क्युसेक, तर दिवसाला जेमतेम ०.१८ टीएमसी बाहेर पडतंय, म्हणजे एक टीएमसी जायला साडेपाच दिवस. दुसऱ्या आकड्यावर कुणी "धरण रिकामं करायला लागलेत" असा मेसेज टाकला तर त्याला उत्तर द्यायच्या भानगडीत मी पडत नाही.

सरकारी कागदात कधी दलघमी (दशलक्ष घनमीटर) आणि क्युमेक (सेकंदाला एक घनमीटर) दिसतात. २८.३२ दलघमी म्हणजे एक टीएमसी, ३५.३ क्युसेक म्हणजे एक क्युमेक. वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

दुसरं काम: आवक स्वतः काढा

पत्रकातली आवक कुणी नदीच्या तोंडाशी बसून मोजत नाही. शिवसागर जलाशयाला, म्हणजे कोयनेच्या साठ्याला, शेकडो ओढे-नाले मिळतात, ते मोजणार कोण? आवक निघते ती हिशेबानं: काल सकाळी आठला साठा किती, आज सकाळी आठला किती, मधल्या काळात बाहेर किती गेलं. सोसायटीच्या पासबुकासारखंच आहे, शिल्लक आणि नावे माहीत असेल तर जमा काढता येते.

समजा काल साठा ८१.२० होता, आज ८५.४० झाला. वाढ ४.२० टीएमसी. गुणिले ११,५७४ म्हणजे ४८,६०० क्युसेक. पायथा वीजगृहातून २,१०० सोडत होते, ते मिळवा. सरासरी आवक ५०,७०० झाली. पश्चिमेकडे वीजनिर्मितीला गेलेलं पाणी वेगळं धरावं लागतं, म्हणून खरा आकडा याच्या थोडा वरच असतो.

तासाच्या आवकेवर मात्र विसंबू नका. जलाशय एवढा पसरट की पातळीत बोटभर फरक पडला तरी हिशेबात हजारो क्युसेक उड्या मारतात, आणि वारा सुटला की लाटेनं मोजपट्टीवरचं पाणी हलतंच. बोटभर फरक किती मोठा, याचा अंदाज असा घ्या. कोयनेच्या दरवाजांवर नंतर पाच फुटी झडपा बसवल्या आणि धरणाची क्षमता ९८.७८ वरून १०५.२५ टीएमसी झाली. पाच फुटांत साडेसहा टीएमसी, म्हणजे वरच्या अंगाला एका फुटाला सव्वा टीएमसीच्या वर. एक इंच म्हणजे टीएमसीचा दहावा भाग. तो एका तासात वाढलेला दिसला तर कागदावर आवक एकदम तीस-पस्तीस हजारांनी वाढते. म्हणून मी चोवीस तासांची सरासरी धरते, आणि पाऊस फारच जोरात असेल तर सहा तासांची.

तिसरं काम: नवजा, कोयनानगर, महाबळेश्वर

पत्रकाच्या खाली या तीन ठिकाणांचा पाऊस असतो. लोक तो "किती पडला बघा!" म्हणायला वापरतात. मी त्यावरून उद्याची आवक आजच काढते.

कोयनेचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आहे. त्या सगळ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा वाहून आला, तर ३.१५ टीएमसी होतात. म्हणजे शंभर मिलिमीटरला तीन टीएमसी. तिन्ही ठिकाणांची सरासरी १७० आली तर सव्वापाच टीएमसी. जूनमध्ये हा हिशेब लागू होत नाही, कारण जमीन तहानलेली असते आणि निम्म्याच्या वर पाणी तीच पिते. जुलैच्या मध्यानंतर डोंगर पाझरायला लागले की जवळजवळ सगळं खाली येतं, तेही दिवसभराच्या आत. त्यामुळे एकाच पावसाचे जूनमध्ये एक आणि ऑगस्टमध्ये तीन टीएमसी होतात, आणि लोकांना वाटतं आकड्यात काहीतरी लपवालपवी आहे.

२२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या जवळ पाऊस झाला. तो आकडा वाचल्यावर मी पत्रकाची वाट बघितली नाही.

धरणात जागा किती हे कसं ओळखायचं

"आधीच का नाही सोडलं?" हा प्रश्न दर पुरानंतर येतो, म्हणून इथे जरा थांबते.

कोयनेचे सहा वक्र दरवाजे धरणाच्या बुडाशी नाहीत, माथ्याशी आहेत. पूर्ण भरल्यावरची पातळी २,१६३.५ फूट, आणि दरवाजे जिथे सुरू होतात ती सांडवा पातळी तिच्या तीस फूट खाली. पाणी सांडव्याला टेकतं तेव्हा धरणात साधारण ७३ टीएमसी साठा झालेला असतो. त्याच्या खालचं पाणी दरवाजातून बाहेर पडूच शकत नाही, दरवाजे उघडे टाकले तरी. नदीत यायला पायथा वीजगृहाची वाट असते: दोन संच, प्रत्येकी १,०५० क्युसेक, मिळून २,१००. पश्चिमेला बोगद्यातून वीजनिर्मितीसाठी जातं ते कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत उतरतं, कृष्णेत येत नाही. (चिपळूणची माणसं पुरात म्हणतात वीजनिर्मिती बंद करा, आमची म्हणतात पूर्ण चालवा. धरण एक आणि काठ दोन.)

म्हणजे पूर अडवायला अभियंत्याच्या हातात खरी जागा आहे ती ७३ ते १०५ मधली, ३२ टीएमसी. लाख क्युसेक आवक असेल तर ती चार दिवसांत संपते. जूनच्या सुरुवातीला धरण तसंही तळाला गेलेलं असतं. तेव्हा "आणखी रिकामं करा" म्हणण्यात अर्थ नसतो, आणि तशी वाटही नसते. भांडायचं असेल तर ते जुलै अखेर ते ऑगस्ट मध्य या काळातल्या पातळीवर भांडावं. पाणी दरवाजांना लागलंय, पावसाळ्याचे दोन महिने बाकी आहेत: त्या दिवशी किती साठा ठेवायचा?

यासाठी प्रत्येक मोठ्या धरणाची जलाशय परिचालन सूची असते. खात्यातली माणसं तिला आरओएस म्हणतात. कोणत्या तारखेला पातळी कुठवर असावी हे तीत ठरलेलं असतं. सुरुवातीला मोकळी जागा जास्त, पाऊस ओसरत जाईल तसं धरण भरत न्यायचं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला पूर्ण. तुमच्या धरणाची सूची पाटबंधारे विभागाच्या कार्यालयात मागून घ्या. देत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. मग पत्रक आलं की साठ्याचा आकडा "किती टक्के" म्हणून न बघता "सूचीपेक्षा वर की खाली" असा बघायचा. वर असेल आणि पाऊस सुरू असेल, तर दरवाजे उघडणार हे तुम्हाला बातमीच्या आधी कळतं.

अभियंत्याची अडचणही समजून घ्या. जुलैत त्यानं धाडसानं दहा टीएमसी सोडले आणि ऑगस्ट कोरडा गेला, तर हीच जनता ऑक्टोबरात कार्यालयावर मोर्चा नेते. २०२३ ला कोयना भरलंच नाही, आणि त्या हिवाळ्यात पाण्यासाठी केवढी ओढाताण झाली ते आपण बघितलंय. पश्चिमेकडच्या विजेला कृष्णा पाणीवाटप लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसी ठरवून दिलेत. उरलेल्या पाण्यावर टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजना, नदीवरचे उपसे आणि गावोगावच्या पाणीयोजना. पूर आलेल्या वर्षी सोडलेलं पाणी कुणाला आठवत नाही, दुष्काळात मात्र प्रत्येक टीएमसीचा हिशेब मागतात.

एक गोष्ट पत्रकात उघड दिसते, पण कुणी बोलत नाही. आवक दीड लाख आणि विसर्ग पन्नास हजार असा दिवस आला, तर धरणानं लाख क्युसेक पोटात धरलेले असतात. आपल्याला फक्त पन्नास हजार दिसतात आणि आपण शिव्या देतो.

चौथं काम: धरणाखालचं पाणी

नुसत्या कोयनेवर नजर ठेवून सांगलीचा पूर कळत नाही. २०२१ च्या जुलैत हेच झालं. कोयनेत त्या आठवड्यात बरीच जागा होती, तरी सांगलीत आयर्विन पुलाजवळ पातळी पन्नास फुटांच्या वर गेली. धरणांच्या खाली जो मोकळा मुलूख आहे, ज्याला मुक्त पाणलोट म्हणतात, तिथल्या पावसाला अडवायला कुठलाच दरवाजा नाही. शिवाय धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी या धरणांचा विसर्ग आपापल्या वाटेनं कृष्णेत येतो.

म्हणून सांगलीच्या पूरपत्रकात धरणांच्या खालचा तक्ता वाचा: कराडचा कृष्णा पूल, बहे पूल, ताकारी पूल, भिलवडी पूल, आयर्विन पूल, अंकली पूल, म्हैसाळ बंधारा, राजापूर बंधारा. वरून खाली अशीच नदी वाहते. कराडला आणि बहेला पाणी उतरत असेल आणि आयर्विनला चढत असेल, तर काळजी कमी करा. वरची लाट पुढे सरकली आहे, काही तासांत इथेही स्थिरावेल. कराड, बहे, भिलवडी तिन्ही चढत असतील तर खालच्या माणसानं पातळी अजून कमी आहे म्हणून गप्प बसू नये.

आयर्विनला ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेसाठी ३९ आणि ४३. पण सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर या बाजूच्या घरांना इशारा पातळीच्या आधीच सामान आवरावं लागतं. इशारा पातळी शहरासाठी असते. तुमच्या उंबऱ्याची पातळी तुम्हालाच शोधून ठेवावी लागेल. मागच्या पुरात दारात पाणी आलं तेव्हा आयर्विनला किती फूट होतं, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि खडूनं नव्हे, रंगानं भिंतीवर लिहा. २०१९ ला सांगलीत पातळी ५७ फुटांच्या वर गेली. त्या खुणा अजून बऱ्याच भिंतींवर आहेत.

फुगवट्याचं, म्हणजे पुढे जायला वाट न मिळून मागे तुंबणाऱ्या पाण्याचं, वेगळंच गणित आहे. वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते, सांगलीच्या अगदी खाली. पंचगंगा नृसिंहवाडीला. चांदोलीच्या धरणातून, म्हणजे ३४.४० टीएमसीच्या वारणा धरणातून मोठा विसर्ग सुरू असला की वारणा कृष्णेला पुढे सरकू देत नाही आणि पाणी सांगलीतच तुंबतं. अशा वेळी कोयनेचा विसर्ग कमी करूनही आयर्विनची पातळी हलत नाही. म्हणून चांदोलीचा आकडा माझ्या वहीत कोयनेच्या शेजारच्याच रकान्यात असतो. पंचगंगेसाठी राधानगरी बघा. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, एकेकातून १,४२८ क्युसेक. तिथे कुणी साहेब बटण दाबत नाही, त्यामुळे "का उघडलं" म्हणून भांडायला जाऊ नये. किती उघडलेत तेवढं मोजावं.

नृसिंहवाडीला चढता दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे चढत्या पुराचं पाणी दत्ताच्या देवळात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, की आमच्याकडची जुनी माणसं पाण्याचा अंदाज बांधतात. मी हसत नाही. देवळातलं पाणी रोज तिथेच, त्याच पायरीशी बघितलं जातं. ती एक मोजपट्टीच आहे, आणि मोबाइलपेक्षा जुनी.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाबद्दल थोडंच लिहिते, कारण त्यावर भांडणं फार होतात. तिथली पूर्ण पातळी ५१९.६० मीटर, क्षमता १२३ टीएमसी, आणि ती ५२४.२५६ पर्यंत वाढवायला महाराष्ट्राचा विरोध आहे. २०१९ च्या पुरानंतरच्या वडनेरे समितीनं मात्र त्या पुराचं मुख्य खापर अलमट्टीवर फोडलं नव्हतं. आपल्यापुरतं काम एवढंच की पत्रकात अलमट्टीची आवक आणि विसर्ग शेजारी शेजारी ठेवायचे: विसर्ग आवकेइतका किंवा जास्त असेल तर पाणी पुढे जातंय, कमी असेल आणि धरण भरत आलं असेल तर राजापूर बंधाऱ्याच्या पातळीवर लक्ष ठेवायचं.

पाचवं काम: मोटर

आता मूळ प्रश्नावर येते. मोटर कधी काढायची?

कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीला पोचायला साधारण एक दिवस लागतो. कराड मधे, आमचा काठ त्याच्याही पुढे. पण ही वेळ ठरलेली नसते. नदी आधीच भरून वाहत असेल तर पाणी लवकर येतं, कोरड्या पात्रातून येताना रेंगाळतं. पाणी पात्राबाहेर पडून मळईत पसरलं की पुन्हा वेग मंदावतो. तुमच्या गावाची वेळ तुम्हीच काढा: विसर्ग वाढवल्याची वेळ पत्रकात असते, तुमच्या घाटावर किंवा बंधाऱ्यावर पाणी चढायला कधी लागलं ते घड्याळात बघा. दोन-तीनदा लिहिलंत की तुमचा आकडा तयार झाला.

आमच्या संस्थेचा नियम असा आहे. सांडव्याचे दरवाजे उचलायचा निर्णय झाला की, पहिला विसर्ग कितीही लहान असो, नदीपात्रातल्या खासगी मोटरी त्याच दिवशी वर. पात्रातल्या मोटरी म्हणजे शेतकऱ्यांनी काठावर दगडी कट्ट्यावर किंवा तरंगत्या पिंपांवर बसवलेल्या पाच-दहा अश्वशक्तीच्या. त्यांना थांबायचं काही कारण नाही, कारण पावसात पिकाला पाणी लागतच नाही. ऊस उभा असतो, मोटर बंद असते, तरी माणूस "उद्या काढू" म्हणतो. पहिला विसर्ग दहा हजारांचा असतो, आणि तो रात्रीत चाळीस हजारांचा होऊ शकतो. तेव्हा काठावर चिखल असतो, अंधार असतो आणि वीजही गेलेली असते.

क्रम असा ठेवा. आधी डीपीवरचा फ्यूज काढा, नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही. फ्यूज काढलेला माणूस आणि मोटरीपाशी गेलेला माणूस यांचं फोनवर बोलणं झाल्याशिवाय वायरला हात लावायचा नाही. मग स्टार्टर पेटी सोडवून घरी आणा. ती हलकी असते, महाग असते आणि पहिल्यांदा विसरली जाते. त्यानंतर मोटर आणि पंप यांचे बोल्ट ढिले करा. गंजलेल्या बोल्टला आदल्या आठवड्यातच जळकं तेल लावून ठेवलं असेल तर पाना लागतो, नाहीतर हातोडा. शेवटी चेनपुलीनं मोटर ओढा. फूट व्हॉल्व्ह आणि खालचा पाइप सोडला तरी चालेल, पण त्याला तार बांधून काठावरच्या झाडाला अडकवा, म्हणजे पूर ओसरल्यावर गाळात शोधत बसायला नको.

संस्थेच्या जॅकवेलमधल्या (नदीकाठच्या उपसा विहिरीतल्या) मोठ्या मोटरींना क्रेन लागते. पूर आल्यावर क्रेन मिळत नाही, मिळाली तर भाडं तिप्पट. म्हणून जूनमध्येच क्रेनवाल्याशी बोलून ठेवते आणि दोन खुणा ठरवून ठेवल्यात: भिलवडी पुलाची पातळी पहिल्या खुणेला आली की क्रेनवाल्याला फोन, दुसऱ्या खुणेला मोटरी वर. मधे कुणाच्या मताला जागा नाही. संचालक मंडळाचा तसा ठराव करून घेतलाय, कारण ऐन पावसात "अजून दोन फूट थांबू" म्हणणारा एक तरी निघतोच.

जनावरांसाठी हीच पद्धत, फक्त खुणा आणखी खालच्या. म्हैस रात्री पाण्यातून चालत नाही आणि गाभण गाय ट्रॅक्टरवर चढत नाही. रस्ता कोरडा असताना त्यांना हलवा. ओढ्याचं पाणी नदीच्या आधी चढतं आणि गावाचा रस्ता ओढ्यावरून जातो. नदी पात्रात असतानाच गाव तुटू शकतं, हे नकाशात दिसत नाही. पूररेषेच्या नकाशात निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. आपलं घर कुठल्या बाजूला ते ग्रामपंचायतीत बघून ठेवा, पण ओढ्याचं डोक्यात राहू द्या.

मेसेज पुढे ढकलताना तारीख आणि वेळ बघा. सहाही दरवाजातून पाणी उसळतानाचे व्हिडिओ दर वर्षी तेच फिरतात. खरं पत्रक म्हणजे वेळ, साठा, आवक, विसर्ग हे चारही ज्यात आहेत ते. "धरणातून प्रचंड विसर्ग" असं नुसतं लिहिलेलं पत्रक मी गटावर ठेवत नाही, ज्यानं टाकलं त्याला फोन करून किती क्युसेक ते विचारते. तो बहुतेक वेळा फोन ठेवतो.

पाणी मागायच्या दिवसांत तेच पत्रक

ऑक्टोबरनंतर लोक पत्रक बघणं सोडतात. खरं तर तेव्हाच आपल्या खिशाचा प्रश्न सुरू होतो. १५ ऑक्टोबरचा साठा वहीत लाल शाईनं लिहा. १०५.२५ हा एकूण साठा, त्यात पाचेक टीएमसी मृतसाठा, तो आपल्या कामाचा नाही. पत्रकात "उपयुक्त" लिहिलेला आकडा घ्या. कोयनेचं तांत्रिक वर्ष १ जूनला सुरू होतं, सिंचनाचं १ जुलैला. विजेनं आपल्या ६७.५ पैकी किती वापरलं, हे वर्तमानपत्रांत अधूनमधून येतं, तेही लिहून ठेवा. मार्चमध्ये "धरणात एवढं पाणी आहे" म्हणताना त्यातलं पश्चिमेकडे जायचं किती बाकी आहे ते वजा करावंच लागतं. साठा ५० दिसतो आणि विजेचे २० राहिलेले असतात.

रब्बी हंगाम १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारी अखेर, उन्हाळी १ मार्च ते ३० जून. दोन्हींसाठी पाणी मागणी नमुना नंबर ७ वर करायची, जाहीर नोटिशीत दिलेल्या मुदतीत. मागणीच कमी नोंदली गेली तर आवर्तन कमी मंजूर होतं, आणि मग नदीत मोटर टाकून "पाणी का नाही" म्हणणाऱ्याला सांगायला माझ्याकडे कागद नसतो. सातबारा, मागची थकबाकी भरल्याची पावती आणि पिकाखालचं क्षेत्र नीट लिहा. ऊस आहे तर ऊसच लिहा. भुसार लिहून ऊस भिजवला की पंचनामा होतो आणि दंडाची पावती संस्थेच्या नावावर येते.

कालवा सल्लागार समितीच्या बैठकीला कुणी जाणार असेल, आमदारांबरोबर म्हणा किंवा संस्थेच्या वतीनं, तर "पाणी सोडा" एवढंच बोलून परत येऊ नका. आवर्तन किती दिवसांचं, दोन आवर्तनांत अंतर किती, नदीत किती क्युसेक सोडणार आणि शेवटच्या बंधाऱ्याला किती पोचणार, बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) कधी घालणार, ही उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. हजार क्युसेक दहा दिवस सोडणार म्हणाले, तर ११,५७४ नं भागून बघा: दहा हजार भागिले साडेअकरा हजार, टीएमसीचे पाऊण ते एक. वाटेतले उपसे, बाष्पीभवन आणि कोरडं पात्र जे पितं ते यातूनच जाणार आहे. एवढ्यात आपल्या बंधाऱ्यापर्यंत पाणी येत नसेल तर तिथल्या तिथे सांगा, आणि टेलकडून हेडकडे, म्हणजे शेवटच्या टोकाला आधी, पाणी द्यायची मागणी लेखी करा.